इस्त्री न धरणारे कुर्ते

आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर ज्या काकू इस्त्री करतात त्या फारसं बोलत नाहीत. कपडे मोजायचे, वहीत फ्लॅट नंबर लिहायचा, संध्याकाळी गठ्ठा बांधून ठेवायचा, एवढंच. त्या दिवशी मी कपडे आणायला गेले तर त्यांनी दोन कुर्ते बाजूला काढून ठेवले होते. म्हणाल्या, "ताई, हे आता इस्त्री धरत नाहीत बघा. कितीही दाबून केली तरी घरी जाईस्तोवर परत तसेच होतात." त्या दोघांचे पैसेही घेतले नाहीत त्यांनी. मी गठ्ठा उचलून घरी आले, कुकर लावला, मुलाचा अभ्यास बघितला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

रात्री ते दोन कुर्ते ट्यूबलाइटखाली धरून बघितले. निळ्याच्या गळ्याची पट्टी कडेने झिजलेली, आतली कॅनव्हास दिसायला लागलेली. दुसऱ्याच्या खांद्यावर जिथे लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा घासतो तिथे कापडाला बारीक गोळे आलेले, आणि काखेखाली इतकं पातळ झालेलं की पलीकडची बोटं दिसत होती. आणि हेच दोन कुर्ते मी क्लायंटकडे मीटिंग असली की हटकून घालते. मी इंटर्नल ऑडिटमध्ये आहे, एप्रिलपासून टीमचे रिपोर्ट माझ्या सहीने जातात, समोर बसलेल्या माणसांना त्यांच्या व्यवहारातल्या त्रुटी सांगायच्या असतात आणि त्या त्यांनी ऐकून घ्यायच्या असतात. कपड्यांनी रिपोर्ट चांगला होत नाही हे मला पक्कं माहितीये. पण टेबलावर हात ठेवताना बाहीची उसवलेली कड आत दुमडून घ्यावी लागली की अर्धं लक्ष तिथेच अडकून राहतं, हेही तितकंच खरं आहे.

मग कपाटच उघडलं. उजवीकडचा मोठा भाग सणासमारंभाचा. लग्नातली पैठणी, बहिणीच्या लग्नातलं कांजीवरम, वास्तुशांतीची गढवाल, सगळं मऊ सुती कापडात गुंडाळलेलं, घड्या बदलून बदलून जपलेलं. डावीकडच्या अरुंद भागात ऑफिसचे कपडे, एकावर एक कोंबलेले, त्यातले निम्मे सेलमध्ये घेतलेले, काही भेट आलेले, काही 'घरात वापरू आता' म्हणत परत ऑफिसलाच जाणारे. वर्षातले अडीचशे दिवस मी ज्या कपड्यांत उभी असते त्यांना कपाटात सगळ्यात कमी जागा आणि सगळ्यात कमी पैसा. पेशाच हिशोबाचा, त्यामुळे आकडे आपोआप डोक्यात येतात. १८,००० ची पैठणी दहा-बारा वर्षांत सहा वेळा नेसली तर एका नेसण्याला ३,००० रुपये पडतात. १,८०० चा चांगला सुती कुर्ता आठवड्यातून एकदा असा सव्वा वर्ष घातला तर साठ वेळा होतो, म्हणजे एका वेळेला ३० रुपये. तरी पैठणी घेताना घरात सगळे 'घे गं, एकदाच घ्यायची असते' म्हणतात आणि १,८०० चा कुर्ता हातात धरून मीच दुकानात उभी राहते, तीनदा किंमत बघते आणि परत अडकवून ठेवते. पैठणीवर माझा राग नाही, मला ती फार आवडते, तिचा पदर उलगडला की जो रेशमाचा आणि कपाटाचा एकत्र वास येतो तो मला लग्नाच्या सकाळी घेऊन जातो. पण रोजच्याच्या वाट्याला जे येतं ते उरलंसुरलं असतं, हे त्या रात्री फार स्पष्ट दिसलं.

आईचं तसं नव्हतं.

आई सरकारी ऑफिसात क्लार्क होती, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्यांच्याकडे पगाराच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत एक साडीवाले यायचे, पाठीवर गाठोडं, व्हरांड्यात चादर पसरून साड्या मांडायचे आणि पैसे महिन्याच्या हप्त्याने. बायका डबे आवरता आवरता साड्या बघायच्या. आईचा नियम ठरलेला होता. उन्हाळ्यात खळ घातलेल्या सुती, पावसाळ्यात प्रिंटेड सिंथेटिक, कारण ती रात्री धुवून दोरीवर टाकली की सकाळी वाळलेली आणि इस्त्रीची गरज नाही, बसमध्ये चिखल उडाला तर ओल्या फडक्याने पुसता यायचा. थंडीत जरा जाड काठाच्या. प्रत्येक ऋतूच्या मोजक्याच, पण ज्या होत्या त्या धड. रविवारी दुपारी ती तांदळाची पेज गाळून साडी त्यात बुडवायची, मग आम्ही दोघी गच्चीत दोन टोकं धरून झटकायचो, तोंडावर बारीक तुषार उडायचे आणि ओल्या खळीचा तो भातासारखा वास. एकदा आजी तिला म्हणाली होती की ऑफिसला जायचं तर इतकी चांगली साडी कशाला, तिकडे कोण बघतंय. आई म्हणाली, "मी बघते ना, दिवसभर." आजी पुढे काही बोलली नाही. आणि साडी विरली की बरोबर बाहेर काढायची, आधी गोधडीला कुठली आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीला कुठली हे ठरायचं. बोहारीण दारात बसून साडी उजेडात धरायची, कुठे फाटलंय ते बोटाने दाखवायची, आई पातेलं उलटं करून जाडी बघायची, पाऊण तास घासाघीस. आता आमच्या सोसायटीत बोहारणीला गेटावरूनच परत पाठवतात, त्यामुळे जुने कपडे घराबाहेर जायची ती वाटच बंद झालीये, आणि मला वाटतं आपल्या कपाटांची गर्दी थोडी त्यामुळेही वाढलीये.

तर मी ठरवलं की दर महिन्याला २,००० रुपये फक्त ऑफिसच्या कपड्यांचे, घरखर्चाच्या त्याच यादीत जिथे दूध, पेट्रोल आणि क्लासची फी असते. एकदम पंचवीस हजार घेऊन मॉलमध्ये जायचं नाही, कारण एका दिवसात घेतलेले कपडे त्या एका दिवसाच्या मूडचे असतात. आणि खरेदीच्या आधी एक आठवडा नुसतं बघायचं की दिवस कसा जातो. माझा दिवस म्हणजे सकाळी टू-व्हीलर, धूळ, सिग्नलला ऊन, मग आठ तास एसी, मधेच क्लायंटच्या गोडाऊनमध्ये स्टॉक मोजायला शिडी चढणं, संध्याकाळी भाजी. ह्या दिवसात दुपट्टा बसतच नाही. तो खुर्चीच्या चाकात जातो, गाडीवर तर सरळ धोका असतो. लेगिंगला खिसा नसतो आणि शिडीवर फोन आणि पेन ठेवायचं कुठे? म्हणून सरळ कटच्या पँट, काळी, नेव्ही आणि बदामी, तिन्हीला खोल खिसे, आणि वर जाणारे सगळे कुर्ते असे की तिन्हीवर चालतील. हे एकदा ठरल्यावर दुकानातले तीन चतुर्थांश कपडे आपोआप बाद होतात आणि डोकं शांत राहतं. परदेशी ब्लॉगवर ह्याच्या याद्या असतात, पांढरा शर्ट, ब्लेझर, पेन्सिल स्कर्ट वगैरे, त्या मे महिन्यातल्या पुण्यासाठी लिहिलेल्याच नसतात.

एसीचं मात्र वेगळं सांगायला हवं. आमच्या फ्लोअरवर दुपारी बायका शाली, स्टोल, कुणी मुलाचं जॅकेट असं पांघरून बसतात आणि पुरुष बाह्या सरसावून. मला वाटायचं की हा आपापल्या प्रकृतीचा भाग. पण २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की ऑफिसांचं तापमान ठरवायची जी पद्धत जगभर वापरतात तिचा पाया १९६० च्या दशकातला आहे आणि त्यात शरीर किती उष्णता तयार करतं ह्याचा आकडा चाळीस वर्षांच्या, सत्तर किलोच्या पुरुषाचा धरलेला आहे. बायकांच्या शरीरात त्याहून कमी उष्णता तयार होते. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून नवीन एसी २४ डिग्रीच्या सेटिंगवरच सुरू होतो, पण रिमोट ज्याच्या हातात त्याचं तापमान. त्यामुळे माझ्या यादीत सगळ्यात वर पूर्ण बाह्यांचं, अस्तर लावलेलं एक खादीचं जॅकेट आलं, गडद राखाडी, कुठल्याही कुर्त्यावर चालणारं. गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर सूट असते तेव्हा घेतलं. खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या शालीत आणि अंगावर नीट बसलेल्या जॅकेटात ऊब सारखीच, पण कॉन्फरन्स रूममध्ये शिरताना शाल मागे ठेवावी लागते, जॅकेट घालून आत जाता येतं.

कापड घ्यायला मी रविवार पेठेत जाते, कापडगंजाच्या बाजूला. तिथल्या दुकानात शिरलं की आधी तो कोऱ्या कापडाचा वास येतो, खळीचा आणि थोडा रंगाचा, मग ठाणं आपटून उलगडल्याचा आवाज. कापड कसं बघायचं हे मी आईकडून शिकले आणि थोडं ह्या दुकानदारांकडून. कोपरा मुठीत घट्ट चुरगाळायचा, दहा आकडे मोजायचे आणि सोडायचा. लख्ख सुरकुत्या राहिल्या तर दुपारी दोननंतर आपणही तसेच दिसणार. मग उजेडाकडे धरून वीण बघायची, एकसारखी आहे का मधे मधे विरळ. गडद रंग असला तर ओला रुमाल घासून बघायचा, अजरख आणि इंडिगोचा रंग पहिल्या काही धुण्यांत जातोच, तो वेगळा धुवायचा, पण रुमालावर ढळढळीत डाग पडला तर गाडीच्या सीटवर आणि बॅगेवरही पडणार. सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा सहज धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणून पॉलिएस्टरच्या क्रेपमध्ये घाम पाठीवरून नुसता ओघळत राहतो. रेयॉन दुकानात सगळ्यात सुंदर पडतं, मऊ, झुळझुळीत आणि स्वस्त, पण ओलं झालं की त्याचा धागा कमजोर होतो, मशिनमध्ये पिळलं की आटतं आणि वर्षाच्या आत त्याचा जीव जातो. माझा सगळ्यात जास्त विश्वास मंगलगिरीवर, आंध्रातलं हे हातमागाचं कापड अंगाला चिकटत नाही, जरा खळ दिली की दिवसभर ताठ राहतं आणि काठ इतका साधा की मीटिंगमध्येही चालतो. ४४ इंची पन्ह्याचं अडीच मीटर पुरतं मला. शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, हे कुणी विसरू नये, नाहीतर पहिल्याच धुण्यात कुर्ता गुडघ्याच्या वर येतो.

रेडीमेड घ्यायचं असलं तर एक साधा हिशोब ध्यानात ठेवलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेलं की १८. आधी ही रेघ १,००० ला होती आणि वर १२ टक्के होते. म्हणजे रोजच्या वापराचा चांगला कपडा आता बराचसा खालच्या दरात येतो, आणि २,६०० च्या कुर्त्यासाठी मनाची ओढाताण करण्यात फारसा अर्थ नाही, त्याच्या अलीकडेच पुष्कळ चांगलं मिळतं. फक्त मापाचं दुखणं राहतं. एका ब्रँडचा एल मला सैल, दुसऱ्याचा एक्सएल काखेत काचतो. भारतीय बायकांच्या शरीरावरून बनवलेला मापांचा तक्ताच आपल्याकडे नव्हता, तो करायला निफ्टने, म्हणजे सरकारी फॅशन टेक्नॉलॉजी संस्थेने, २०१८ मध्ये सहा शहरांतल्या २५,००० लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायचा प्रकल्प जाहीर केला. तोपर्यंत ट्रायल रूममध्ये त्या पिवळ्या दिव्याखाली उभं राहून आपल्याला वाटत राहायचं की आपलंच शरीर चुकीचं आहे. चाळिशीनंतर कंबर बदलते, दंड बदलतात, हे काही आपल्या हातून घडलेलं पाप नाही. मी आता लेबलावरचं अक्षर बघत नाही, फक्त खांदा बघते. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली की बाकी सगळं मास्टर बघून घेतात.

मास्टर म्हणजे आमच्या कोथरूडच्या गल्लीतले टेलर. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, दोन मशिन, भिंतीवर खडूच्या खुणा. माझं मत असं आहे की ज्यांना कमी पैशात नीट दिसायचंय त्यांनी कपड्यांच्या दुकानांच्या आधी चांगला टेलर शोधावा. मास्टर कुठलाही कपडा हातात घेतला की आधी उलटा करतात. आतली शिवण बोटांनी चाचपतात, माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, किती सोडलीये ते बघतात. महागड्या दुकानातल्या कुर्त्याला कधी कधी जेमतेम पाव इंच माया असते, तो कधीच सैल करता येत नाही, आणि साध्या दुकानातल्या एखाद्याला दोन्हीकडून इंचभर असते. बाजू आत घेणं, उंची कमी करणं, बाही निमुळती करणं हे सोपं आणि स्वस्त. खांदा आणि मुंडा उसवून परत बसवणं फार कटकटीचं, त्याला ते सरळ नाही म्हणतात. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे माझे चार बरे पण ढगळ कुर्ते नेले. त्यांनी मला आरशासमोर उभं करून पाठीला दोन टाचण्या लावल्या, कमरेपाशी नुसतं चिमटीत धरलं आणि म्हणाले, "ताई, कापड अजून पाच वर्षं जाईल, तुम्हाला नुसता आकार हवाय." बाजूच्या शिवणीत उरलेल्या कापडाचे खिसेही घालून दिले. सगळ्याचे मिळून एका नव्या कुर्त्याइतकेसुद्धा पैसे झाले नाहीत, आणि ते चार कपडे मी आता मुद्दाम काढून घालते.

साडीबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. हिशोबाने बघितलं तर साडीइतका स्वस्त ऑफिसचा कपडा नाही. तिला माप नाही. बाळंतपण झालं, वजन वाढलं, उतरलं, साडी तीच, फक्त ब्लाउजच्या टिपा उसवायच्या. आईची एक राखाडी नारायणपेठ मी अजून नेसते आणि त्या दिवशी ऑफिसात माझ्याशी माणसं जरा सावरून बोलतात, हे मला दिसतं. तिच्यासाठी नवं ब्लाउज करायचं म्हणून मॅचिंग सेंटरला गेले होते, टू बाय टू ह्या ब्लाउजच्या सुती कापडात राखाडीच्याच कितीतरी छटा, दुकानातल्या बाईंनी त्यातले तीन तागे पदरावर ठेवले आणि मला रस्त्यावर उन्हात घेऊन गेल्या, म्हणाल्या आतल्या लाइटवर विश्वास ठेवू नका. उन्हात बघितल्यावर तिन्हीतला एकच खरा जुळत होता. इतकं मन लावून कुणी आपल्या रोजच्या ब्लाउजचा रंग बघतं ह्याचं मला फार बरं वाटलं. पण साडीत गाडी चालवताना आणि गोडाऊनच्या शिडीवर मी अवघडते, आणि अवघडलेलं शरीर काम नीट करत नाही. जे ऑफिस बाईकडून रोज साडीची अपेक्षा करतं त्याने तिला ती शिडी एकदा साडीत चढायला लावून बघावी. मी मीटिंगच्या दिवशी नेसते, माझ्या मर्जीने, आणि तेवढंच मला पटतं.

जॅकेट आणि मास्टरांनी बसवलेला कुर्ता घालून पहिल्यांदा ऑफिसला गेले तेव्हा लिफ्टमध्ये एक मैत्रीण म्हणाली, "आज काय विशेष?" जेवताना दुसऱ्या डिपार्टमेंटच्या एकांनी विचारलं, वाढदिवस का? प्रेमानेच विचारलं दोघांनी. पण मला दिवसभर वाटत राहिलं की पुरुषाने नवा शर्ट घातला तर त्याला कुणी विशेष विचारत नाही. बाईने नीटनेटकं दिसायला काहीतरी निमित्त लागतं, सण, हळदीकुंकू, निदान पाहुणे. साधा मंगळवार पुरत नाही. आणि बाहेरच्यांचं कशाला, ते निमित्त मी स्वतःकडूनच मागत होते इतकी वर्षं, कुर्ता हातात धरून दुकानात उभी असताना. काकूंनी बाजूला काढलेले ते दोन कुर्ते मी दुसऱ्याच दिवशी कापून फडकी केली. निळा कापताना हात थोडा थबकला, कारण माझी पहिली मोठी असाइनमेंट त्याच कुर्त्यात पार पडली होती, एका साखर कारखान्याची, भर उन्हाळ्यात. आता त्याने ओटा पुसते आणि फार छान पुसला जातो, झिजलेलं सुती कापड पाणी भराभर पितं.

आता भाचीला हिंजवडीत पहिली नोकरी लागलीये. तिने मला फोनवर ऑनलाइन सेलमधले अकरा कपडे पाठवले आणि विचारलं, "मावशी, ह्यातले कुठले घेऊ?" मी तिला म्हटलं की आत्ता एकही घेऊ नकोस, आधी पंधरा दिवस जा, एसी किती असतो बघ, कंपनीच्या बसने जातेस का गाडीने ते ठरव, तिथे उभं राहून काम आहे का बसून ते बघ. तिला हे फारसं आवडलं नाही, बावीस वर्षांच्या मुलीला कसं आवडेल, पहिल्या पगाराचा आनंदही असतोच ना. म्हणून मधला मार्ग काढलाय. शनिवारी आम्ही दोघी रविवार पेठेत जाणार आहोत, एक काळी पँट मास्टरांकडे शिवायला टाकायची, खिसे तिच्या फोनच्या मापाचे, आणि एक कुर्ता पूर्णपणे तिच्या आवडीचा, त्यात मी काही बोलायचं नाही असं तिने आधीच बजावलंय. अकराच्या आत पोचायला हवं, त्यानंतर लक्ष्मी रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही.